मुलगी तुमचीच

डिसेंबरातला शनिवार, दुपारचे साडेबारा. नेवाडातलं एक वाळवंटी उद्यान. पार्किंगमध्ये एकच गाडी, सनीव्हेलहून आलेल्या सीमाची.

नागपूरहून तिची थोरली बहीण उल्का लग्नासाठी आली होती. तिला काहीतरी दाखवायचं म्हणून ही ट्रिप. लग्न नैनाचं, सीमाच्या एकुलत्या एका मुलीचं, पुढच्याच शनिवारी. तीही सोबत होती.

गेटवर फी घ्यायला यंत्र होतं, माणूस नव्हता. फोनला रेंज नव्हती. एवढ्या रानात लोकांना सोडायचं आणि राखणीला ठेवायची काय, तर एक पाटी : कोरीव चित्रांना हात लावू नका. सीमाचं डोकं तिथेच फिरलं. परत गेल्यावर यांना एक सणसणीत ईमेल टाकते, असं ती वाटभर बडबडत होती. उल्का म्हणाली, आपल्याकडे निदान एक चहाची टपरी तरी असती.

वळणावर तो खडक आला. काळ्या पडलेल्या दगडावर कोरलेली माणसं, हातात हात धरून उभी. ओळीतल्या शेवटच्याचा हात पुढे झालेला, रिकामा.

नैना फोटो काढून पुढे गेली. उल्का मात्र थांबली. तिकीट अलीकडच्या तारखेचं मिळाल्यामुळे कुलदेवीला अक्षत द्यायची राहून गेली होती. ती रुखरुख घेऊनच ती विमानात बसली होती. तिने पर्समधून अक्षतांची पुडी काढली.

"ताई, हे आपले देव नाहीत गं."

"कुणाचे तरी असतीलच ना," म्हणत उल्काने पुडी खडकाच्या कपारीत ठेवली, हात जोडले आणि घरोघरी म्हणत आली होती तेच म्हणाली, "सहकुटुंब या. मुलगी तुमचीच आहे."

वारा पडला. मग पुढून आवाज आला. टक्… टक्… दगडावर दगड. सीमाला वाटलं, नैनाच काहीतरी करते आहे. तिने हाक मारली. आवाज थांबला. ओ आली नाही.

दोघी पळतच पुढे गेल्या. समोर पायवाट मोकळी, दूरपर्यंत ऊन. नैना नाही. सीमा ओरडत राहिली, तिचाच आवाज कड्यांवरून परत येत राहिला. जळलेल्या पाल्याचा वास आला. धूर कुठेच नव्हता. पुन्हा टक्… टक्… आता मागून, त्याच खडकाकडून.

धापा टाकत त्या परतल्या. नैना खडकाला तोंड करून उभी होती, उजवा हात दगडावर टेकलेला.

"नैना… कुठे होतीस?"

"इथेच." ती हळू बोलली. "तू माझा हात धरून आणलंस ना, मॉम? डोळे मीट म्हणालीस… मला वाटलं, सरप्राइज आहे."

सीमाने तिला जवळ ओढलं. केसांत, खांद्यांवर लाल दाणे होते, मूठभर तरी. तिने रागाने बहिणीकडे पाहिलं. उल्काने नुसतं कपारीकडे बोट दाखवलं. पुडी होती तशीच होती, दोरा बांधलेला.

"सीमा," उल्का कुजबुजली, "एकदा अक्षता पडल्या की…"

घरी परतल्यावर लग्न पुढे ढकलायला नैनानेच सांगितलं; कारण विचारलं तर ती उजवा हात पाठीमागे घेते.

सीमाने तो ईमेल टाकला, एक नाही, चार. उद्यानाकडून एकच उत्तर आलं : त्या दिवशी तुमच्याशिवाय कोणी आलेलं नाही, आणि कृपया चित्रांना हात लावू नये. दाणे तिने एका वनस्पतीतज्ज्ञाला दाखवले. ते तांदूळ नव्हते. त्याच वाळवंटातल्या एका गवताचं बी होतं, उन्हाळ्याच्या तोंडाला झडून जाणारं. डिसेंबरात ते काडीवर सापडत नाही.

आणि त्या दाण्यांना लावलेली तांबडी माती, सीमाने ते केसांतून वेचले तेव्हा, ओली होती.