बॉनेटवरचं टोपण

मुलीला, चिमणीला, शाळेत सोडायचं आणि तिथून कामावर जायचं, एवढ्यासाठीच तिनं जुनी गाडी घेतली होती. पण रोज सकाळी मागचं डावं चाक बसलेलं असायचं, आणि त्याच्या व्हॉल्व्हचं इवलंसं टोपण बॉनेटच्या बरोबर मधोमध ठेवलेलं असायचं.

पहिला संशय आला तो वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. गाडी लावण्यावरून त्यांची कुरकुर असायचीच. तिनं जिन्यात गाठून त्यांची खरडपट्टी काढली.

"अहो, मला धड वाकता येत नाही," मास्तर काठीवर रेलून म्हणाले. "चाकाशी कसला बसतोय मी!"

तिचा राग काही उतरला नाही. रोज दातओठ खात ती पायपंपानं हवा भरायची, चिमणीला मागे बसवायची आणि गाडी भरधाव काढायची. उशीर तर झालेलाच असायचा.

शेवटी ती पंक्चरवाल्याकडे गेली. त्यानं चाक पाण्यात बुडवून फिरवलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! मग त्यानं टायरवर अंगठा घासला. अंगठा काळाकुट्ट झाला.

"ताई, पॉलिश मारलंय. झिजलेल्या रबरात सुरीनं नव्या खाचा कोरल्यात. ही बघा, आतली तार दिसतेय. चारही तसेच आहेत. वेगात गेलात की फुटलेच म्हणून समजा."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाडी तिथेच सोडून ती तडक जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या दुकानात शिरली.

"नवेकोरे टायर म्हणाला होतात ना? माझी पोर बसते त्या गाडीत! जनाची नाही, निदान मनाची तरी?"

दुकानदार सवयीनं हसायला गेला, पण हसू जमलं नाही. "बदलून देतो, बाई. चारही. आधीचा मालकसुद्धा... असाच भांडायला आला होता. मी म्हटलं, चालतील अजून."

"मग?"

"नाही चालले..." तो खाली बघत म्हणाला. "गेला बिचारा. फार शिस्तीचा माणूस. रोज स्वतः हवा बघायचा. टोपण हरवू नये म्हणून बॉनेटवर ठेवायचा... बरोबर मधोमध."

टोपणाबद्दल तिनं त्याच्यापाशी अवाक्षरही काढलं नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नवे टायर बसले. पंक्चरवाल्यानं ते नीट तपासून दिले. संध्याकाळी गाडी लावताना तिनं बॉनेटवर हात ठेवला. "उपकार झाले, दादा," ती हळूच म्हणाली. "आता काळजी नको."

सकाळी चारही चाकं बसलेली होती. बॉनेटवर चार टोपणं ओळीनं मांडलेली.

"आता काय राहिलं?" ती रिकाम्या गाडीवर ओरडली. "टायर नवे आहेत! आता का अडवताय?"

रागानं तिनं टोपणं मुठीत आवळली, दुसऱ्या हातानं चिमणीला धरलं आणि चालत निघाली. वळणावर मागून हवा सुटल्यासारखा आवाज आला. सूं... तिनं पाय उचलले. आवाजानंही उचलले.

"आई, कोण येतंय गं मागे?"

"कुणी नाही. चल."

शाळेच्या फाटकाशी आवाज एकदम थांबला. तिनं मूठ उघडून पाहिली. चारही टोपणं होती.

फाटकाच्या आडव्या दांड्यावर, बरोबर मधोमध, पाचवं ठेवलेलं होतं, आत जायची वाट अडवल्यासारखं.