वस्तादांची फुशारकी

“काय ओ, उशी घेऊन कुठं निघाला? गादी पुढच्या चौकात ठेवलीया काय?”

भर रस्त्यात अनोळखी माणसानं असं विचारल्यावर कुठली मुलगी हसेल? मी हसले. आणि लगेच कळवळले, कारण पोटावर वीतभर टाके होते. हसू आलं, खोकला आला की पोटाशी उशी दाबायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज चालायलाही सांगितलं होतं, म्हणून तालमीभोवती माझ्या फेऱ्या चालू होत्या.

तालमीच्या कट्ट्यावर तो बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्यांत नुसता चावटपणा. राजवीर, आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर.

“तुमच्या हाताला काय झालं? कुणी चावलं?” मी विचारलं.

“बॉल अडवताना मोडला. पर गोल झाला न्हाय!”

“मग बसा मिरवत.”

“बसलोय की. तुम्ही पण या…”

तेवढ्यात मागून आबा गरजले, “अनू, थांबायचं न्हाय! अजून तीन फेऱ्या!”

माझे आबा म्हणजे हंबीरराव वस्ताद. शिवाजी पेठेतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली लाल मातीत लोळलेली. आई मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. सव्वीस वर्षांची घोडी झाले, शाळेत चित्रकला शिकवायला लागले, आणि पोटानं दगा दिला. मोठ्या आतड्यात जखमाच जखमा. शेवटी डॉक्टरांनी ते काढून टाकलं आणि पोटावर उजवीकडे कायमची वाट करून तिथं पिशवी लावली. शौच त्या पिशवीत जमा होतं. झालं, सांगितलं! आता काही वाटत नाही. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नर्सबाईंनी पिशवी बदलायची कशी ते एकदा दाखवलं आणि आबांनी ते एखाद्या डावासारखं शिकून घेतलं. पिशवीच्या चकतीला मापात भोक पाडायचं असतं. त्याचा सराव ते जुन्या वर्तमानपत्रावर करायचे. भल्याभल्यांना अस्मान दाखवलेले त्यांचे हात माझ्या पोटाची कातडी कोमट पाण्यानं पुसताना कापसासारखे हलके व्हायचे. मी तोंड फिरवून रडायचे.

“लाजतीस कुणाला? तान्ही असताना तुझं कोण काढायचं? मीच की!”

आबा मला रोज पाजायचे ती बदामाची थंडाई मात्र नर्सबाईंनी बंद केली. त्याचं दुःख आबांना ऑपरेशनपेक्षा जास्त झालं.

आबांची थोरली बहीण आक्का उचगावहून बघायला आली. निघताना दारात थांबून म्हणाली, “हंबीर, पिशवीचं कुणापाशी बोलायचं न्हाय. पोरीचं लगीन व्हायचं हाय.” आबा रिक्षा बघायला निघून गेले. मी मात्र ते मनाला लावून घेतलं. सैल कुडते घालायला लागले, ओढणी पुढं ओढायला लागले.

आणि फेऱ्या मारायला लागले! पाचाच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. कारण चौथ्या दिवसापासून राजवीरपण सोबत चालायला लागला.

“हात मोडलाय, पाय न्हाय. तुला कशाला चालायला सांगितलंय?” मी विचारलं. आठवड्यात आम्ही ‘तू’वर आलो होतो.

“डॉक्टरांनी न्हाय सांगितलं. मनानं सांगितलं.”

“मनाला म्हणावं, गप बस.”

“म्हणून बघितलं. ऐकत न्हाय…”

मी दुसरीकडे बघितलं. कान तापले होते. नेमकी तेव्हाच पिशवी गुडगुडली, चांगली मोठ्यानं. मी मेलेच! त्याच क्षणी राजवीरनं समोरच्या कुणालातरी कर्कश शिट्टी मारली. समोर कुणीच नव्हतं.

महिन्याभरानं तो म्हणाला, “आज संध्याकाळी प्लास्टर निघतंय. एखाद्या रविवारी पन्हाळ्याला जाऊया? तू आणि मी…”

“बघू की,” म्हणाले खरी, पण घरी आले ती रडवेली होऊन. याला सांगितलं तर जाईल. न सांगता गेले तर मी खोटी. रात्रभर तळमळले. मलाच ज्याची किळस वाटते, ते त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? माझ्या पोटाकडं मी अजून एकदाही नीट बघितलं नव्हतं.

सकाळी आबांना म्हटलं, “आज पिशवी मी बदलणार. तुम्ही बाहेर थांबा.”

दाराबाहेरून आवाज येत राहिला. “घाई न्हाय. आधी कातडी कोरडी कर. कडेनं दाब… हां.” वीस मिनिटं लागली. चकती एकदा वाया गेली. पण लावली! बाहेर आले तर आबा मिशीवर ताव देत होते आणि डोळे भरले होते.

“बसली?”

“बसली.”

“शाब्बास रं माझ्या वाघा!”

तशीच कट्ट्यावर गेले. राजवीर मोकळा झालेला हात चोळत बसला होता. बसलेसुद्धा नाही, उभ्यानंच सांगितलं. आतडं, वाट, पिशवी, सगळं. एका दमात.

त्यानं हात चोळायचा थांबवला. मग म्हणाला, “माहीत हाय.”

“काय?… कधीपासनं?”

“पहिल्या दिवसापासनं. वस्तादांनी तालमीत सगळ्यांना सांगितलं. ‘माझी पोरगी पाच तास टेबलावर होती, आतडं दिलं, पर हटली न्हाय. आणि मी पिशवी साडेचार मिनिटांत बदलतो, या कुणाला येतंय ते!’”

“सगळ्या तालमीला?”

“सगळ्या पेठेला म्हण.”

मी गर्रकन वळले. आबा तालमीच्या दारातच उभे होते.

“आबा! मला न विचारता?”

“चुकलं माझं. विचारायला पायजे होतं.” त्यांनी कान धरले. मग मान वर करून म्हणाले, “पर राहवलंच न्हाय बघ. जिंकलेल्या पैलवानाला कुणी लपवून ठेवतंय व्हय?”

राग आला होता, खरंच आला होता. पण मी पुढं होऊन त्यांचे कानावरचे हात खाली ओढले.

“आणि तू?” मी राजवीरवर उखडले. “सगळं माहीत होतं, मग बोलला का न्हाईस?”

“ती तुझी गोष्ट. तू सांगशील तेव्हा ऐकायची, असं ठरवलं होतं.” तो खाली बघत पुटपुटला, “मला तू आवडतीस… ही माझी गोष्ट. ही मी सांगितली.”

कट्ट्यावरची पोरं कान टवकारून पुढं सरकली. मी कमरेवर हात ठेवले. वस्तादांचीच मुलगी मी, खणखणीत आवाजात म्हणाले, “मला पण तू आवडतोस!”

गोलकीपर लाजून लालेलाल. “हळू की अनू… लोकं ऐकत्यात.”

“ऐकू देत,” मी म्हणाले.