बावीस मिलिग्रॅम

पटो न पटो, हे माझ्यासोबत झालेलं आहे. मी प्यायलो नव्हतो. झोपेतही नव्हतो.

तारीख १४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार. जागा मालवण, बाजारामागची एक छोटी खाजगी प्रयोगशाळा. आणि रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

मी सांतान. तिथे कोळसा तपासायचो. माझ्यावर आमचे केमिस्ट गुरुदास सर. दोघंच.

माझं काम कोळशातला हायड्रोजन मोजायचं. तो दिसत नाही. म्हणून कोळशाची चिमूटभर पूड भट्टीत ऑक्सिजनच्या झोतात जाळायची. हायड्रोजनचं पाणी होतं. ती वाफ पुढे काचेच्या नळीत जाते. नळीत ओल शोषणारं मिठासारखं रसायन असतं. आधी नळीचं वजन, नंतर वजन. जेवढं वाढलं तेवढं पाणी, त्याचा नववा भाग हायड्रोजन. कोळशाची स्वतःची ओल वेगळी मोजून वजा करायची. आमच्याकडे हवाच ओली, म्हणून नळीच्या दोन्ही टोकांचे कॉक, म्हणजे काचेच्या तोट्या, घट्ट बंद ठेवायचे.

एकदा जाळायला घेतलं की मधे सोडता येत नाही. नमुना फुकट जातो.

३ सप्टेंबरला असंच जळत होतं. शेजारची आनंदीबाई धापा टाकत दारात आली.

"सांतान, चल रे बेगीन! कार्मीनीक दम लागलो."

कार्मीन माझी बायको. दमा जुनाच होता. घर सायकलने दहा मिनिटांवर.

भट्टीत देवगडच्या एका विहिरीत लागलेल्या कोळशाची शेवटची पूड होती. मी म्हटलं, "पंधरा मिनटां. ह्यां संपला की इलंय."

"तुझो कोळसो पळान जातलो काय रे?" आनंदीबाई ओरडली.

मी थांबलो. नळीचे दोन्ही कॉक बंद केले. वजन लिहिलं. मग निघालो.

कार्मीन गेली होती.

चाळीस दिवसांनी कामावर आलो तो हा मंगळवार. नळी तशीच बंद, मी ठेवली तिथेच. नवीन नमुना घेण्याआधी कोरी चाचणी करतात. पूड न टाकता सगळं चालवायचं. जाळायला काही नाही, म्हणून वजन वाढत नाही. एखादा मिलिग्रॅम चालतो.

वाढलं...

बावीस मिलिग्रॅम.

सरांनी आकडा बघितला. "नळीत फुकलंस काय रे? माणूस एकदा श्वास सोडता, त्यात साधारण एवढाच पाणी आसता." हसले. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "रसायन खराब झाला असतला. फेक आणि नवीन भर. रिपोर्ट आज जाऊक व्हयो." ते पोस्टात गेले.

मी फेकलं नाही. नळी पुन्हा जोडली.

पुन्हा बावीस.

तिसऱ्यांदा जोडली. नळीतून निघालेला वायू शेवटी आम्लाच्या बाटलीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो. गुड, गुड, गुड. घड्याळासारखा. त्याकडे कुणी कान देत नाही.

ताल बिघडला म्हणून माझा कान तिकडे गेला.

दोन बुडबुडे घाईघाईने... मग काहीच नाही... मग एक, ओढून आणल्यासारखा...

मी ऑक्सिजनचा सिलिंडर बंद केला.

बुडबुडे चालूच.

हा ताल मी अकरा वर्षं रात्री शेजारी पडून ऐकला होता.

मी दोन्ही कॉक बंद केले, नळी काढली. बुडबुडे थांबले. नळी तराजूत ठेवली.

बावीस जास्त.

हात न लावता थोडं थांबलो. परत बघितलं.

आणखी बावीस.

बंद नळीत पाणी कुठून येणार?

मग नळीची काच दिसली. काचेवर धुकं धरत होतं... जात होतं... परत धरत होतं. बोटाने पुसून बघितलं. पुसलं जाईना.

ते आतून होतं.

धुक्याचा ठिपका लहान होत गेला. घाईघाईने येऊ लागला. मला सगळं समजलं. श्वास पुरत नव्हता. आणि कॉक मीच बंद केले होते.

"कार्मीन, थांब गो. इलंय."

दोन्ही कॉक उघडले.

मनगटावर हवा लागली. गरम, ओलसर. एकदाच. खूप लांब...

काच स्वच्छ झाली.

मी वाट बघत बसलो. सर परत येईपर्यंत. काचेवर परत काही आलं नाही.

सरांसमोर वजन केलं. सकाळी पहिल्यांदा केलं होतं तेवढंच. एक मिलिग्रॅमही जास्त नाही.

"झाला मा बरोबर?" सर म्हणाले.

"झाला."

सर अजून म्हणतात, रसायनाचाच दोष. मी मान हलवतो. पण शोषलेलं पाणी ते रसायन असं परत देत नाही. त्यासाठी तापवावं लागतं. हे सरांनीच मला शिकवलं.

आनंदीबाईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "सोडवलंस रे तिका. बरां केलंस."

तसं असेल तर बरं. पण नळी उघडेपर्यंत ती आत श्वास तरी घेत होती. कसाबसा, पण घेत होती.

त्या दिवशी मी उशिरा पोचलो, एवढं मला माहीत आहे.

ह्या वेळी मी उशीर केला, की घाई केली?