ढमी मावशीलाच का अडवते?

ढमी बिघडली आहे, यावर अन्वीमावशीच्या पाळणाघरात सगळ्यांचं एकमत झालं होतं. मला मात्र ते पटत नव्हतं, आणि एखादी गोष्ट पटली नाही की मी ती चघळत बसते, असं आई म्हणते.

ढमी म्हणजे पाळणाघरातली यंत्रमानव. पोट गोल आणि हात चार. सन २०७१ मध्ये आमच्या लातुरात यंत्रमानव नसलेलं पाळणाघर शोधूनही सापडणार नाही. ती बाळांना जोजवते, त्यांचे लंगोट बदलते आणि कुणाची तब्येत बिघडतेय का ते कळावं म्हणून रोज सकाळी प्रत्येकाच्या लाळेचा थेंब तपासते. तीन वर्षांत मावशीने तिला कधी नावं ठेवली नव्हती.

पण महिनाभरापासून भलतंच सुरू झालं. दुपारी बाळांचं जेवण झालं की वाट्यांमध्ये दोन-चार घास वरणभात उरतो. मावशी तो त्याच चमच्याने संपवून टाकते. अन्न टाकायचं नाही, आणि लहान लेकराचं कसलं आलंय उष्टं, असं तिचं म्हणणं. तिची आईही तेच करायची. आता तिने वाटी उचलली की ढमी ती काढून घ्यायची आणि खताच्या डब्यात रिकामी करायची. कारण विचारलं तर म्हणायची, "सांगायची परवानगी नाही, ताई." मावशीला पाचवा महिना लागलेला, सतत भूक लागायची, आणि वर हा छळ. तिने ढमीला परत पाठवायचं ठरवलं.

मी दोन दिवस शाळा सुटल्यावर तिथे नुसती बघत बसले. समृद्धीकाकूही पाळणाघरात काम करतात आणि त्याही बाळांचं उष्टं खातात. त्यांना ढमीने एकदाही अडवलं नाही. यंत्र बिघडलं असतं तर दोघींनाही सारखाच त्रास झाला असता की.

हे कोडं घेऊन मी शेजारच्या अथर्वआजोबांकडे गेले. ते निवृत्त विषाणुशास्त्रज्ञ. त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलावं लागतं, कारण डाव्या कानाने त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: मावशीत आणि काकूंत फरक काय? मी म्हटलं, मावशीला बाळ होणार आहे. ते ताडकन उठले आणि चपला शोधू लागले.

पाळणाघरात त्यांनी मावशीला बसवलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू असतो (विषाणू म्हणजे पेशीत शिरून तिथेच आपल्या प्रती काढणारा अतिसूक्ष्म कण). तो शिरला की पेशी फुगून मोठी होते, म्हणून हे नाव: सायटो म्हणजे पेशी, मेगॅलो म्हणजे मोठी. पुष्कळ माणसांना तो कधी ना कधी गाठतो. थोडा ताप, थोडा थकवा, नाहीतर काहीच नाही. मग तो शरीरात जन्मभर झोपून राहतो. लहान बाळं त्याने सहसा आजारी दिसत नाहीत, पण त्यांच्या लाळेत आणि लघवीत तो कित्येक महिने असू शकतो. धडधाकट माणसाचं तो फारसं बिघडवत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती (रोगाशी लढण्याची शरीराची ताकद) कमी असते, त्यांना मात्र त्याच्यापासून धोका असतो. आणि पोटातल्या बाळापर्यंत तो पोचला, तर काही बाळांच्या मेंदूला, डोळ्यांना आणि विशेषतः कानांना इजा होते. ढमीला तो सकाळच्या तपासणीत एखाद्या बाळाच्या लाळेत सापडला असणार, म्हणून ती मावशीलाच अडवते.

"कुणाच्या लाळेत सापडला?" मावशीने विचारलं.

आजोबा म्हणाले, ते ढमी सांगणार नाही आणि आपण विचारायचंही नाही. एका बाळाच्या तब्येतीची गोष्ट फक्त त्याच्या आईवडिलांना सांगायची, हा तिचा नियम. शिवाय यात बाळाचा काही दोष नाही.

मावशीचा चेहरा उतरला. ढमीने अडवायच्या आधी तिने रोज खाल्लंच होतं. "म्हणजे मी माझ्याच हाताने..." तिने पोटावर हात ठेवला.

"माझी आई असंच म्हणायची," आजोबा म्हणाले. "मी पोटात होतो तेव्हा माझा भाऊ दोन वर्षांचा होता. माझा कान या विषाणूने गेला का, ते आता कळणार नाही. जन्मल्यावर तीन आठवड्यांच्या आत तपासलं तरच नक्की सांगता येतं, आणि मला कुणी तपासलं नाही. तिला आधी कुणी काही सांगितलंही नव्हतं. तरी ती जन्मभर स्वतःला दोष देत राहिली. तू तसं करू नकोस. आपण तपासू."

दुसऱ्या दिवशी मावशीचं रक्त तपासलं. त्यात या विषाणूची प्रतिपिंडं (त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) नव्हती. थोड्या दिवसांनी पुन्हा तपासलं, तरी नव्हती. म्हणजे विषाणूने तिला गाठलंच नव्हतं. मी उडीच मारली. पण आजोबा म्हणाले, ज्यांना तो आधी होऊन गेलाय, त्यांच्या बाळाला धोका कमी असतो. हिला तो पहिल्यांदाच होऊ शकतो, म्हणून हिला जास्त जपायला हवं.

मावशीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. ती बाळांना जवळच घेईना. दीड वर्षांचा ओजस हात पसरून तिच्यामागे रडत फिरायचा, आणि तीही दाराआड डोळे पुसायची. मला दोघांचीही फार दया आली. आजोबांना कळलं तेव्हा ते रागावलेच.

"अगं, लेकरांपासून पळायचं नाही, लाळेपासून जपायचं."

लंगोट बदलला किंवा नाक पुसलं की साबणाने नीट हात धुवायचे. उष्टं खायचं नाही, आपला चमचा वेगळा ठेवायचा. पापा ओठांचा न घेता डोक्याचा घ्यायचा. मावशीने लगेच ओजसला उचललं आणि त्याच्या डोक्याचे इतके पापे घेतले की तोच कंटाळला. काकू वाट्यांमध्ये आधीच थोडं थोडं वाढू लागल्या, त्यामुळे अन्नही वाया जाईना. ढमीला मावशीने नवं काम दिलं. कुणाचंही नाव न घेता, बाळ होणार असलेल्या प्रत्येक बाईला ती हे सगळं सांगू लागली.

मावशीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिची लाळ तपासली, तिच्यात विषाणू नव्हता. कानांच्या तपासणीत आवाज दिला की पडद्यावरची रेघ उसळायची, आधी उजव्या कानाची, मग डाव्या. आजोबा त्या रेघेकडे कितीतरी वेळ बघत राहिले. या विषाणूवर खात्रीची लस अजून निघालेली नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मी मोठी होईपर्यंत निघाली नाही, तर मी काढेन. ते हसले नाहीत, त्यांनी मान डोलावली.

"आज आई हवी होती," ते म्हणाले.

मावशीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते खाली वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. काय, ते मला ऐकू आलं नाही. तिला आलं.