येऊ दे

हंगामाचा तो शेवटचा आठवडा होता. रविवारी पार्कवाले नळांचं पाणी तोडणार होते. मग वसंतापर्यंत तिथे कोणी मुक्कामाला यायचं नाही. गुरुवारी दुपारी क्रिस्टा लाहती फाटकातून आत शिरली तेव्हा गाडी लावून मुक्काम करायच्या बहुतेक जागा रिकाम्या होत्या. मेपलची पानं इतकी पडली होती की रस्त्याचं डांबर दिसत नव्हतं. उत्तर मिशिगनमध्ये ऑक्टोबर असाच संपतो. एका वाऱ्यासरशी सगळं लाल-नारिंगी खाली येतं आणि वर नुसत्या काड्या उरतात.

गाडी तिच्या वडिलांची होती. रेइनो लाहतींचं मोटरहोम: पुढे ट्रकचं तोंड, मागे पलंग, चूल आणि इवलंसं न्हाणीघर. एप्रिलमध्ये ते गेले. क्रिस्टाच्या भावाने, एरिकने, गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं आणि ते सोमवारी गाडी न्यायला येणार होतं. "रिकामी करून ठेव म्हणजे झालं," एरिक फोनवर म्हणाला होता. क्रिस्टाने बरं म्हटलं, आणि रिकामी करायची सोडून ती गाडी घेऊन इथे आली.

कशासाठी आली हे तिला पक्कं माहीत होतं, फक्त ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. वडिलांच्या उजव्या पायातली ताकद गेल्यापासून गाडी ती चालवायची, आणि मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना ते मागे उभे राहायचे. ओरडायचे नाहीत. जंगलात येऊन आरडाओरडा करणारी माणसं त्यांना आवडत नसत. शिकारीचं नारिंगी जाकीट घालून, आरशात पूर्ण दिसतील असे उभे राहायचे आणि दोन्ही तळवे स्वतःकडे हलवायचे. येऊ दे, येऊ दे. शेवटी मूठ वर. बास. गेले सहा महिने तिला सगळ्यात जास्त आठवत होती ती ही मूठ. आता पुरे, आलीस तू, असं पुन्हा एकदा कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांची नेहमीची जागा नदीच्या अंगाला होती. जागेच्या शेवटी आडवा ओंडका, त्यामागे सीडरची दाट, बारमाही हिरवी झाडं, आणि झाडांमागे दरी. खाली धबधबा होता. त्याचा आवाज इतका सतत यायचा की थोड्या वेळाने ऐकूच येईनासा व्हायचा.

तिने गाडी वळवली, रिव्हर्स टाकला आणि डावीकडच्या आरशात पाहिलं. ओंडक्याशी नारिंगी जाकीट घातलेला कोणीतरी उभा होता. तळवे हलत होते. येताना समोरच्या जागेत एक म्हातारा दिसला होता, तोच मदतीला धावला असणार, असं तिला वाटलं. मुक्कामाला आलेली माणसं अशी धावतातच. ती त्या हातांच्या इशाऱ्यावर मागे जात राहिली आणि चाकं ओंडक्याला अलगद टेकली.

ती आभार मानायला उतरली. मागे कोणी नव्हतं. ओल्या पानांचा वास येत होता.

समोरचा म्हातारा रस्त्याच्या पलीकडे घडीच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर प्लेट, प्लेटमध्ये मांस-बटाट्याची गरम पेस्टी. तो गॉर्डी. तो आणि त्याची बायको लव्हर्न यंदा हंगामभर तिथेच राहून पार्कच्या वतीने आल्यागेल्याचं बघत.

"थँक्यू," क्रिस्टा म्हणाली.

"कशाबद्दल? मी तर बूडसुद्धा हलवलं नाही." त्याने तोंड पुसलं. "मी आपला मजा बघायला बसलो होतो. गाडी मागे घेताना नवराबायकोची जी जुंपते ना, तेवढीच आमची करमणूक. तू तर एकटीने एका दमात लावलीस. सगळा विरस केलास."

"मागे कोणी उभं होतं का?"

"मागे? मागे झाडं आहेत, पोरी."

पानं, असं तिने स्वतःला सांगितलं. नारिंगी पानांची एखादी फांदी वाऱ्याने हलली असेल. चहा करून ती पायरीवर बसली. सीडरमध्ये नारिंगी पानाची एकही फांदी नसते, हे चहा संपल्यावर तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी सांडपाण्याची टाकी रिकामी करायला गाडी फाटकापर्यंत न्यावी लागली. परत येऊन तिने रिव्हर्स टाकला आणि आरशात पाहिलं.

तो होता. या वेळी ओंडक्याच्या पलीकडे, पहिल्या सीडरपाशी. डावा खांदा किंचित उतरलेला, वडिलांचा असायचा तसा. टोपी डोळ्यांवर ओढलेली. तळवे घाई न करता हलत होते.

गाडीला मागे कॅमेरा होता. समोरच्या छोट्या पडद्यावर ओंडका दिसत होता, पानं दिसत होती, सीडरचं खोड दिसत होतं. खोडापाशी कोणी नव्हतं. आरशात होता. पडद्यावर नव्हता. क्रिस्टाने पुन्हा पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. मग चुलीजवळचा भांडी पुसायचा पंचा आणून तिने तो पडद्यावर टाकला.

चाकं ओंडक्याला टेकली. मूठ वर आली नाही. तळवे हलतच राहिले. ती ब्रेकवर पाय ठेवून थांबली, आणि आरसा धूसर होईपर्यंत बघत राहिली.

त्या दिवशी तिने काही काम नसताना गाडी बाहेर काढली. पार्कातल्या गोल रस्त्याला वळसा घालून आली, मागे घेतली. परत काढली. गॉर्डी खुर्चीतून बघत होता.

"काय गं, फिरवून आणतेस होय तिला? कुत्र्याला नेतात तशी?"

"सराव करते."

"कर बाई. आमच्या लव्हर्नला चाळीस वर्षांत जमलं नाही."

"मला जमतं," आतून लव्हर्नचा आवाज आला. "तुझे हातवारे कोणाला कळत नाहीत. माशा हाकलल्यासारखे."

दर खेपेला तो थोडा मागे असायचा. दुसऱ्या सीडरपाशी. मग दोन खोडांच्या मधे, जिथून जमीन उतरायला लागते तिथे. मूठ तेवढी येत नव्हती. आणखी थोडं मागे गेलं तर येईल, असं तिला दर वेळी वाटायचं. ते काम अर्धं टाकणारे नव्हते.

शनिवारी सकाळी तिने ओंडका ओलांडला. मागची चाकं उडून पलीकडे आदळली, कपाटातल्या ताटल्या खणखणल्या, आणि एक कोवळा सीडर बंपरखाली वाकून मोडला. आरशात तो आता कमरेपर्यंतच दिसत होता. खालचा भाग उताराने झाकला होता. तळवे हलत होते. येऊ दे.

काचेवर थाप पडली. लव्हर्न होती. अंगात घरातला झगा, पायात गमबूट.

"इंजिन बंद कर."

क्रिस्टाने बंद केलं.

"त्या झाडांमागे काय आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग?"

क्रिस्टाला खोटं सुचलं नाही. "माझे वडील मागे उभे राहायचे," ती म्हणाली. "गाडी लावून घ्यायला."

लव्हर्नने झग्याची गाठ सोडून परत बांधली. "कधी गेले?"

"एप्रिलमध्ये."

"आई?"

"ती आधीच."

"गॉर्डी गेला तर मी काय करीन कोण जाणे," लव्हर्न म्हणाली. "महिनाभर निवांत झोपेन बहुतेक. त्यानंतरचं सांगता येत नाही." मग तिचा आवाज बदलला. "हे बघ बाळा, मला तुला इथून काढता येईल. फाटकावर सांगितलं की झालं. पण ते नको. गाडी पुढे घे आणि नीट लाव. मी मागे उभी राहते. दोन्ही काचा खाली ठेव, माझी हाक ऐकू येईल. माझे हात बघ. दुसरं काही बघू नकोस."

"आणि मग?"

"मग आमच्याकडे जेवायला ये. आणि उद्या गाडी सरळ पुढच्या पुढे काढून घरी जा."

क्रिस्टाने मान हलवली. तिला ते मान्य होतं. ते शेवटचं असणार होतं, हेही मान्य होतं.

तिने गाडी रस्त्यावर घेतली. समोर खुर्चीत गॉर्डी होता.  तिने रिव्हर्स टाकला.

आरशात लव्हर्न, ओंडक्याच्या अलीकडे, हात पसरून. तिच्या मागे, सीडरमधून, नारिंगी.

क्रिस्टा लव्हर्नचे हात बघत राहिली. गुबगुबीत हात, बोटात अंगठी. ते हलत होते. त्यांच्या मागचेही हलत होते. एकाच लयीत.

मागे. आणखी थोडं.

लव्हर्नची मूठ वर गेली.

मागचे तळवे थांबले नाहीत.

तिचा पाय ब्रेकवर होता. मधे एक बाई उभी होती, आणि त्या बाईच्या पलीकडे क्रिस्टाचा बाप क्रिस्टाला बोलवत होता, अजिबात न चिडता, जणू त्याला कसलीच घाई नव्हती.

"नाही हो, बाबा," ती म्हणाली. "मला नाही येता येणार."

तिने ब्रेक घट्ट दाबला. गिअर पार्कवर टाकला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. धबधब्याचा आवाज एकदम मोठा झाला.

आरशात ते तळवे खाली आले.

लव्हर्न तिच्याकडे बघत नव्हती. मान वळवून ती उताराकडे बघत होती. मग ती एक पाऊल बाजूला सरली, अरुंद पायवाटेवर समोरून कोणी आलं की आपण सरतो तशी. जराशी मान लववून ती हसलीही. मुक्कामावर अनोळखी माणसाला करतात तेवढंच.

आरशात आता ती एकटीच होती.

समोर गॉर्डी खुर्चीतच होता.

गाडी उजव्या अंगाला, पायरीच्या बाजूला, किंचित कलली. वजन आत आल्यावर कलते तशी. मग सावरली. दार उघडल्याचा आवाज आला नाही.

शेजारच्या सीटच्या गादीतून हळूच हवा बाहेर पडली.

क्रिस्टाने मान वळवली नाही. थोडा वेळ ती हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. मग तिने किल्ली अर्धी फिरवली आणि त्या बाजूची काच वर घेतली. बाहेर गारठा होता.