राळ्याचा मोर

"फुंक! अजून जोरात फुंक!" शालन ओरडली.

इंद्रायणीचे गाल टम्म फुगले होते. अंड्याच्या दोन्ही टोकांना तिने बाभळीच्या काट्याने बारीक भोकं पाडली होती. वरच्या भोकाला तोंड लावून ती फुंकत होती आणि आतला बलक खालच्या भोकातून वाटीत गळत होता.

"आगं, वरडू नगंस! मला हसू येतंया. आन् हसलं की फुंकता येत न्हाई!"

"हे अंडं रिकामं होईपर्यंत मेची सुट्टी संपायची!" शालनचा भाऊ ज्योतीराम म्हणाला.

"मग तू फुंक की!"

"नको बाबा. अंड्याला तोंड लावलेलं आईला कळलं, तर मला आंघोळीशिवाय घरात घेणार नाही!"

ज्योतीरामचे वडील बीडकडून पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर म्हणून आले होते. हे कुटुंब कारखान्याच्या वसाहतीत राहायचं. इंद्रायणी रुळांपलीकडच्या जुन्या पिंपरी गावातली, शेतकऱ्याची मुलगी. तिघांची गट्टी शाळेत जमली होती.

वसाहतीच्या क्लबात यंदा सुट्टीत एक नवलाची स्पर्धा होती. शिवणकाम शिकवणाऱ्या सुमनताईंनी एका मासिकात नटवलेल्या अंड्यांची चित्रं पाहिली आणि फळ्यावर सूचना लावली: अंडी नटवण्याची स्पर्धा! दोन दिवस वसाहतीत दुसरा विषय नव्हता. शेवटी सुमनताईंना सूचनेखाली लिहावं लागलं, 'अंडे खावयाचे नाही, फक्त सजवावयाचे आहे. अंडे आतून रिकामे हवे.'

इंद्रायणीने आठ दिवस खपून अंड्यावर मोर केला. गेरूची जमीन, काजळाची रेघ आणि पिसाऱ्याला राळ्याच्या धान्याचे इवलेसे पिवळे दाणे. एकेक दाणा ती काडीच्या टोकाने उचलायची आणि बाभळीच्या डिंकाने चिकटवायची. डिंक वाळेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची!

शनिवारी दुपारी तिघं अंडं घेऊन क्लबात गेली. सुमनताई पुण्याला गेल्या होत्या. क्लबाचे चिटणीस यशवंतराव वही उघडून बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"काय आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मोर हाय, काका."

यशवंतरावांनी वहीत लिहिलं, 'मोराचे अंडे.'

"काका, मोर अंडं देत नाही, लांडोर देते," शालन म्हणाली.

"फार बोलतेस! ठेवा तिकडे टेबलावर. उद्या सकाळी दहाला या. तोवर किल्ली माझ्याकडे. काळजी नको!"

रविवारी तिघं दहाच्या आधीच दारात हजर! दिवाणखान्यात लांब टेबलावर तेवीस अंडी मांडली होती. कुणाला आरसे, कुणाला मणी, कुणाला चक्क फेटा. चिंचवडचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर नानासाहेब परीक्षक होते. ते एकेक अंडं हलक्या हाताने उचलून बघत होते. सोळाव्या अंड्याशी ते थांबले.

"हे कुणाचं?"

"माझं!" इंद्रायणी पुढे झाली.

"बाळ, हे तर भरलेलं आहे. हातात घे, जड लागतंय. नियमात बसत नाही, स्पर्धेतून बाद करावं लागेल."

इंद्रायणीने अंडं हातात घेतलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ह्ये माझं न्हाई! माझ्या पिसाऱ्याला राळ्याचे दाणे व्हते. ह्यो नुसता रंग हाय!"

"असं कसं?" यशवंतराव घाईने म्हणाले. "मोर एकच आला होता. वहीत नोंद आहे. गावातल्या मुलांना नियम नीट समजत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

जमलेल्या बायका कुजबुजू लागल्या. इंद्रायणीने अंडं परत टेबलावर ठेवलं. मोर गेला त्याचं दुःख होतंच, पण आपण खोटं बोलतोय असं सगळ्यांना वाटावं, हे तिला जास्त लागलं.

सकाळीच पुण्याहून परतलेल्या सुमनताई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "निकाल चार वाजता आहे. तोपर्यंत मी या अंड्याला कुणाला हात लावू देणार नाही. पण इंदू, मी कालचं अंडं पाहिलेलं नाही गं. नुसत्या सांगण्यावर काय करू?"

तिघं बाहेर गुलमोहराखाली येऊन बसली.

"रडू नको," ज्योतीराम म्हणाला. "आधी सांग, त्या अंड्यात आणखी काय वेगळं होतं?"

इंद्रायणीने डोळे पुसले. "टोकाला भोकं न्हाईत. आन् वास येतोय. घासलेटावानी."

"घासलेट नव्हे, टर्पेंटाइन! म्हणजे ऑइलपेंट! मुलं कुठे ऑइलपेंट वापरतात? तो पाट्या रंगवणाऱ्यांकडे असतो."

"रंगरावकाका!" शालन उडालीच.

क्लबाच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे रंगराव वसाहतीच्या पाट्या रंगवायचे. आताही ते 'फुले तोडू नयेत' ही पाटी रंगवत होते. अक्षरं पिवळीधमक होती. अगदी त्या खोट्या पिसाऱ्यासारखी!

"काका," इंद्रायणी हळूच म्हणाली, "माझा मोर तुम्ही बघितला का?"

रंगरावांचा ब्रश थांबला. "तो तुझा होता, पोरी?"

त्यांनी फळीवरून एक पत्र्याची डबी काढली. आत कापसावर अंड्याचे तुकडे होते. एका तुकड्यावर मोराचा डोळा, दुसऱ्यावर राळ्याच्या दाण्यांची रांग.

"काल संध्याकाळी एकांनी हे तुकडे माझ्या हातात दिले. म्हणाले, हुबेहूब असंच एक करून दे, तासाभरात. अंडं आधी रिकामं करायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. आणि मला तरी कुठे ठाऊक, की हा स्पर्धेचा माल आहे? तुकडे फेकून दे म्हणाले. पण असलं काम फेकवेना बघ."

"कोण म्हणालं?"

"ते विचारू नका. तोंड उघडू नकोस असं बजावलंय. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

ज्योतीरामने डबीकडे हात नेला. "ही दाखवली की काम झालं!"

"नगं!" इंद्रायणीने त्याचा हात धरला. "डबी दावली की काकांचं नाव येनार. त्यांची नोकरी जाईल. ऱ्हाऊ दे हितंच."

रंगराव तिच्याकडे बघतच राहिले.

तिघं पुन्हा झाडाखाली आली. "किल्ली फक्त यशवंतरावांकडे होती," ज्योतीराम म्हणाला. "म्हणजे कोण ते उघड आहे. पण आपण सांगून कोण ऐकणार?"

"मग त्यांनाच सांगू दे!" शालनचे डोळे चमकले. तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

चार वाजता दिवाणखाना माणसांनी भरला. नानासाहेब निकालाचा कागद घेऊन उभे राहिले. यशवंतराव पुढच्या खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांच्या बरोबर मागे शालन उभी होती. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, खरा मोर फुटला असेल तर तुकडे कुठेतरी असतीलच ना? क्लबामागच्या उकिरड्यात बघू या का? सगळा उकरून काढू!"

"चल!" ज्योतीराम म्हणाला. "सापडले तर सुमनताईंनाच देऊ."

"काही उकरू नका!" यशवंतराव गर्रकन वळले. "उगाच घाण कराल! मी तिथे तुकडे टाकलेलेच नाहीत!"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"कसले तुकडे, यशवंतराव?" सुमनताईंनी शांतपणे विचारलं.

यशवंतरावांनी रुमालाने कपाळ पुसलं. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग खाली बघत ते म्हणाले, "काल टेबलाच्या चादरीला सुरकुती दिसली. म्हटलं, जरा ओढून सरळ करावी. ते अंडं गडगडत खाली गेलं. चिटणीसाच्याच हातून फुटलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील, अशी भीती वाटली. म्हणून दुसरं रंगवून घेतलं."

"आणि सकाळी ही पोर सगळ्यांसमोर खोटी ठरली, तेव्हा गप्प बसलात?" नानासाहेबांचा आवाज चढला.

यशवंतराव उठले. इंद्रायणीसमोर येऊन उभे राहिले. "चुकलं माझं, मुली. अंडं फुटलं ती चूक लहान होती. गप्प बसलो, ती मोठी."

"रंगवून कोणी दिलं?" कुणीतरी विचारलं. तिघंही ओठ मिटून उभी राहिली.

"मी दिलं," दारातून आवाज आला. रंगराव डबी घेऊन आत आले. "माझं नाव येऊ नये म्हणून मुलांनी ही डबी माझ्याकडेच राहू दिली. मग मलाच शेडमध्ये बसवेना."

"रंगरावांकडे बोट नको," यशवंतराव चटकन म्हणाले. "त्यांना मीच सांगितलं होतं. जबाबदारी माझी."

नानासाहेबांनी भिंग लावून तुकडे पाहिले. एकेक दाणा निरखला. मग म्हणाले, "फुटलेल्या अंड्याला मला गुण देता येत नाहीत. पण निकाल साडेसहापर्यंत पुढे ढकलता येतो! इंद्रायणी, इथेच, सगळ्यांसमोर नवीन करशील?"

"आख्खा मोर न्हाई व्हनार," ती विचार करून म्हणाली. "पन एक पीस व्हईल."

मग काय, एकच धांदल! कुणी फुंकून रिकामं केलेलं अंडं आणलं, कुणी गेरू, कुणी डिंक. ज्योतीराम सायकलवरून तिच्या घरून मूठभर राळे घेऊन आला. इंद्रायणी मांडी घालून खाली बसली. दाण्याला दाणा लागत गेला. गेरूच्या जमिनीवर एकच लांब पिवळं मोरपीस अंड्याभोवती वळसा घेऊ लागलं.

"डिंक वाळस्तवर कुणीतरी धराया पायजे," ती म्हणाली. "टेकवलं की दाणं निसटत्यात."

"मी धरतो," यशवंतराव म्हणाले.

आणि वसाहतीच्या क्लबाचे चिटणीस भर सभेत जमिनीवर बसले, ओंजळीत अंडं धरून! इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला. नाकावर माशी बसली, तरी ते हलले नाहीत. "काका, श्वास हळू घ्या!" शालन बजावत होती आणि ते मुकाट्याने मान डोलावत होते.

साडेसहाला नानासाहेब म्हणाले, "आणा इकडे, टेबलावर ठेवा."

"मी?" यशवंतराव दचकले. "छे छे! तुम्हीच या इकडे!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नानासाहेब खरंच उठून त्यांच्याजवळ गेले, गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या ओंजळीतच त्यांनी ते मोरपीस नीट पाहिलं.

"पहिला क्रमांक, इंद्रायणी!" त्यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग तिघांना जवळ घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. चांगले हात पुष्कळ पाहिले. पण आपलं खरं ठरवताना दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून हातातला पुरावा सोडून देणारी मुलं आज पहिल्यांदा पाहिली!"

सुमनताईंनी इंद्रायणीच्या हातात जलरंगांची पेटी दिली. ती तिने तिथेच उघडली आणि कुठला रंग कुणी आधी वापरायचा, यावरून तिघांचं कडाक्याचं भांडण सुरू झालं!