सोरच्या दालनातली जाळी

जरा जवळ सरकून बस, दिव्यात तेल थोडंच आहे. आणि मध्ये बोलू नकोस, मला राग येतो.

त्या दिवशी मी नुसतं कापड पोचवायला निघाले होते. जावयाच्या अंगणावर सणाला धरायचा जांभळा चांदवा. आम्ही रंगारणी काठावर राहायचो, कारण काटेरी शंख कुजवून रंग काढला की जो वास सुटतो तो बेटावरच्यांना सोसत नसे. रंग मात्र अंगभर हवा. सोर शहर समोरच्या बेटावर, समुद्रात उभं, माडीवर माडी, जणू समुद्र त्यांच्या बापाचा.

माझ्या शेजारी यिस्का शंख फोडायची. यरुशलेम जळलं तेव्हा विकत आणलेली. तिची पोरं आमच्याच धक्क्यावर विकून वेगवेगळ्या गलबतांत चढवली गेली. मी निघताना ती हातोडी न थांबवता म्हणाली, "मावशी, लेकीला घेऊनच ये. आमच्या देवाचा माणूस बोललाय. सोरची मातीसुद्धा खरवडली जाईल. उघडा खडक राहील, जाळी वाळत घालायला."

"तुझ्या देवाला स्वतःचं शहर राखता आलं नाही," मी म्हटलं.

"राखायचं नव्हतंच त्याला. रागावला होता तो."

बेटावर माझा जावई मत्तान दारातच भेटला. "या सासूबाई. वास आधी पोचला, तुम्ही मागून." त्याचा हा विनोद जुना. जेवता जेवता म्हणाला, "यरुशलेम गेलं ते बरंच झालं. वाटेतली जकात सुटली. आता सगळे तांडे थेट आपल्याकडे."

"माणसं जळाली तिथे, जावईबापू."

"जळणारी जळतात. सोर पाण्यात आहे. पाणी कधी पेटतं का?"

माझी लेक अरिशात त्याच्यामागे उभी होती, भरल्या पोटाची. ती हसली नाही.

मत्तान देवळाकडे गेल्यावर मी मागच्या दालनात चांदवा पसरला. भर दुपार, पण समुद्रावरून धुकं चढलेलं, आत पांढुरका उजेड. कापडावर ओल उमटायला लागली. एक तिरकी रेघ, मग तिला छेदणारी दुसरी. वर छत कोरडं. आमचा रंग उन्हाने, खाऱ्या पाण्याने उतरत नाही, उलट गडद होतो. पण त्या रेघांखाली लोकर पांढरी पडत गेली, मेंढीच्या अंगावर होती तशी. मासळीचा वास आला. मग ओला दोर फरशीवरून ओढल्याचा आवाज... सर्र... थांबून पुन्हा सर्र...

मी वर बघितलं. समोरच्या भिंतीतून एक माणूस आला. भिंत फुटली नाही, हलली नाही. त्याच्या लेखी तिथे भिंत नव्हतीच. गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर जाळं. मागून आणखी आले. माझ्या चांदव्यावरच त्यांनी जाळी पसरली, कडेला दगड ठेवले आणि ऐसपैस बसले. एकजण डोळ्यांवर हात धरून वर बघत होता. माझ्याकडे धुकं होतं, त्याच्याकडे ऊन होतं.

"आई..." अरिशात दारात उभी. "घाबरू नकोस. ते आपल्याला बघत नाहीत."

"कधीपासून हे?"

"पोट राहिल्यापासून."

"मत्तानला सांगितलंस?"

"तो त्यांच्यातून चालत जातो आणि मला विचारतो, फरशी ओली का..."

मी तिचा हात धरला. "चल. आत्ताच्या आत्ता होडीत बस."

"मी नाही येत. तो कोपऱ्यातला बघ."

तरुण होता, फाटलेलं जाळं सांधत होता. त्याची करंगळी वाकडी. गाठ मारताना ती वर राहायची. माझ्या मेलेल्या नवऱ्याची करंगळी तशीच होती. अरिशातचीही तशीच आहे.

"तो आपला आहे, आई," ती कुजबुजली. "शहर उरणार नाही, पण तो आहे. मी इथून गेले, माझं मूल दुसरीकडे वाढलं... तर हा कुठून येईल?"

"वेडे, तुझ्या घराची माती झालीय तिथे बसलाय तो."

"बसलाय ना पण," ती म्हणाली.

तेवढ्यात देवळातून शिंग वाजलं. मेलकार्त देव जागा होतो त्या सणात परक्याने बेटावर थांबायचं नाही, हा तिथला नेम. मत्तान पहारेकरी घेऊन आला. "सासूबाई, काठावरची माणसं परकीच धरतात." मी लेकीचा हात सोडेना. त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. तेव्हा मी त्याला जे बोलले ते आता या तोंडाने पुन्हा बोलवत नाही.

मग बाबेलची फौज आली. पण बेटावर नाही, आधी आमच्या काठावर. रंगाचे हौद फोडले, झोपड्या पेटवल्या. यिस्का तिथेच मेली, हातात हातोडी तशीच. तिच्या देवाला मी रोज विचारते: मस्ती मत्तानची, आणि न्याय हिचा केलास? शंख फोडणारीचा? ज्या तोंडाने तुझा निरोप आणला तेच आधी बंद केलंस? तुझा राग एवढा मोठा, मग त्याला नेम का नाही? ते बघ समोर, वेढ्यातसुद्धा माड्यांवर दिवे लागलेत. आणि आम्ही उरलेले इथे खाडीत लपून बसलोय.

बेटावरचा एक खलाशी कधीमधी निरोप आणतो. अरिशातला मुलगा झाला. धडधाकट आहे, पण चालायला लागला तसा भिंतींवर आदळायला लागला. आंधळा नाही. उडती माशी पकडतो. नुसता सरळ चालत जातो, कपाळ फुटतं, रडतो आणि पुन्हा तिकडेच.

काल खलाशी आला तो हसतच. "मावशी, तोंड गोड कर. नातू आता आदळत नाही."

"भिंतीपाशी थांबतो का?"

तो होडीचा दोर सोडायला लागला.

"अरे, थांबतो का, एवढंच विचारतेय..."

"थांबत असेल की," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण मावशी, त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत, घरात मासळी येत नाही... आणि रोज दुपारी अरिशातबाई त्याच्या हातांवरचे मासळीचे खवले धूत बसलेल्या असतात."